न दिलेला पाठिंबा

आमच्या ओळखीत अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत देऊ शकणारी एकच व्यक्ती होती. त्या वर्षी तिचं सोडून बाकी सगळ्यांचं मत मला ऐकावं लागलं.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात निर्यातीचे कागद तयार करते. फरसाण, खजूर, गोठवलेले पराठे ज्या चकचकीत पिशव्यांत येतात, त्या आम्ही बनवतो. पिशवीवरची शाई आतल्या पदार्थात उतरत नाही ना, हे तपासणारी प्रयोगशाळा माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे आणि तिची प्रमुख म्हणजे ही मतदार. जन्म दक्षिण लेबनॉनमधल्या एका खेड्यातला, शिक्षण आणि पहिली नोकरी अमेरिकेत, पासपोर्ट अमेरिकेचा, नऊ वर्षांपासून इथे. रसायनशास्त्रातली पीएचडी, म्हणून कारखान्यात सगळे तिला डॉक्टर म्हणतात. फोर्कलिफ्ट चालवणारे दोघेतिघे तर तिला आपला गुडघाही दाखवून गेलेत. तिने तो पाहिलाही.

सात वर्षं आम्ही दोघी इंग्रजीत गप्पा मारत एकत्र डबा खातोय. तिचा मोठा भाऊ अमेरिकेत, एका कारखान्यांच्या शहरात बायकामुलांसह राहतो. धाकटी बहीण मात्र गावातच राहिली, तिथल्या शाळेत शिकवायची. त्या शरद ऋतूत युद्ध बहिणीच्या गावापर्यंत पोचलं. ती दोन मुलांना घेऊन बैरुतला निघून आली आणि एका शाळेच्या वर्गात, फळ्याखाली गादी टाकून राहू लागली. आठवड्याभराने घराचा फोटो आला. अर्धं घर उभं होतं. डॉक्टरने तो फोटो मला दाखवला, माझ्या डब्यातली भेंडी संपवली आणि प्रयोगशाळेत जाऊन दुपारभर नमुने तपासले.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस तिने मला बोलावलं. "तुझी सही हवी आहे."

तिच्या राज्यात टपालाने मत द्यायचं तर साक्षीदार लागतो. मतदार परदेशात असेल तर साक्षीदार परदेशी नागरिक असला तरी चालतो, असं तिने मला कागदावरची ओळ दाखवून सांगितलं. मग तिने मतपत्रिका माझ्यासमोर धरली. ती कोरी आहे हे मी पाहिलं. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि दोनच मिनिटांत कागद दुमडून पाकिटात घातला. "खलास," ती म्हणाली. मी पाकिटावर नाव, सही, तारीख लिहिली. पत्ता लिहिताना पंचाईत झाली. इथे सगळं पोस्ट बॉक्सवर येतं आणि त्या फॉर्मला घर नंबर आणि रस्ता हवा होता. शेवटी इमारतीचं नाव, बाजूची मशीद, समोरचं सुपरमार्केट असं सगळं बारीक अक्षरात लिहिलं.

कुरिअरवाल्याने एकशे ऐंशी दिरहॅम सांगितले. "म्हणजे चार हजार रुपये!" माझ्या तोंडून निघालंच. "एका मताला!"

"तू शेवटचं कधी दिलंस?" तिने विचारलं.

मला आठवून सांगावं लागलं. ठाण्यात, लग्नाआधी, काकूबरोबर, एका शाळेत. नंतर कधीच नाही. इथून मत देता येत नाही आणि तेवढ्यासाठी कोणी विमानाने जात नाही. कागदावर सही करताना मात्र माझा हात उगाच जपून चालला होता.

घरी आल्यावर नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की डॉक्टरच्या निवडणुकीच्या एका कागदावर सही केली. त्याला वाटलं, नाव नोंदवण्याचा फॉर्म असेल. त्याने तसं बोलून दाखवलं आणि मी दुरुस्त केलं नाही. त्याच्याशी निवडणुकीवर बोलायला लागणं म्हणजे दीड तास जाणार हे मला माहीत होतं.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या कामांची एस्टिमेट्स करतो, हुशार आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही. पण तो चाळीसेक मराठी पुरुषांच्या एका व्हॉट्सॲप गटात आहे आणि तिथे रोज जगाचे निकाल लागतात. गटाचे अध्यक्ष अल क्वोजमध्ये गोदाम असलेले मसाल्यांचे व्यापारी आहेत. त्या पदाची निवडणूक कधी झाली नाही. गट त्यांनी सुरू केला, म्हणून अध्यक्ष तेच. या चाळीस जणांत एकालाही ना इथे मत आहे, ना अमेरिकेत. आपल्या देशात आहे, पण त्यासाठी कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही. अध्यक्ष एकदा खास गेले होते म्हणे, पण ते त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून मतदान होतं तेव्हा.

पाकीट गेल्यानंतर दहा दिवसांनी ती बातमी आली. विरोधी पक्षातल्या एका म्हाताऱ्या नेत्याने, ज्याने उभं आयुष्य इतर देशांवर सैन्य पाठवण्याची वकिली केली होती, स्वतःच्या पक्षाचा उमेदवार सोडून सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. आमच्या घरात सकाळी साडेसहाला हे कळलं. नवरा दात घासता घासता बाहेर आला.

"खेळ फिरला!" तो म्हणाला. तोंडात फेस होता. "आता युद्धाचं सगळं गणित बदलणार. हा माणूस तिकडे जातो म्हणजे काय, तू विचार कर."

मी पोळ्या लाटत होते. विचार केला नाही.

"बाबा, डू यू ईव्हन हॅव अ व्होट?" मुलीने विचारलं. ती सतरा वर्षांची आहे, इथेच वाढली, आणि मराठी समजत असलं तरी उत्तर इंग्रजीतच देते.

"प्रश्न मताचा नाहीये बेटा. अंडरस्टँडिंगचा आहे."

त्या दिवशी गटावर किती मेसेज पडले ते त्याने मला कौतुकाने सांगितलं. अध्यक्षांनी पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. त्यात ते त्या म्हाताऱ्या नेत्याचा उल्लेख पहिल्या नावाने करत होते, जणू दोघे एका बेंचवर बसून शिकले. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्यापैकी एकाच्या बायकोची सहकारी खरीखुरी मतदार आहे, तीही लेबनॉनची, तीही नेमक्या त्या राज्याची जिथे लढत अटीतटीची आहे. नवऱ्याचा भाव वधारला. दोन दिवसांनी तो मला म्हणाला, "डॉक्टरला शनिवारी दुपारी जेवायला बोलव ना. बिचारीच्या घरी एवढं झालंय. आपण विचारपूस करायला हवी."

सात वर्षांत त्याला ही विचारपूस सुचली नव्हती. तरी मी बोलावलं. घर पडलेल्या बाईला कोणीतरी जेवायला बोलवावं असं मलाही वाटत होतं.

शनिवारी बारा वाजता नवरा धरून सहा पुरुष आमच्या हॉलमध्ये बसले होते. बायका नव्हत्या. "विषय जरा हेवी आहे," असं अध्यक्षांनी गटावर लिहिलं होतं. मसालेभात, अळूवडी, मटकीची उसळ आणि श्रीखंड मात्र त्या हेवी विषयाबरोबर त्यांना चालणार होतं. डॉक्टर येताना जैतुनाच्या तेलाची बाटली घेऊन आली, बहिणीच्या गावच्या गेल्या हंगामातली, लेबल नसलेली. अध्यक्षांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"कुठला ब्रँड?"

"माझ्या बहिणीची झाडं," डॉक्टर म्हणाली.

"व्हेरी गुड. डॉक्टर, फर्स्ट ऑफ ऑल, वी आर विथ लेबनॉन."

"थँक्यू. हात कुठे धुऊ?"

जेवणभर ते तिला समजावत होते. तिच्याच देशाची निवडणूक, तिच्याच राज्याचा कल, तिच्याच गावावर चाललेलं युद्ध. एकाने पेपर नॅपकिनवर नकाशा काढला आणि त्यात बैरुत डोंगरात गेलं. नवऱ्याने सांगितलं की एवढा कट्टर माणूस पक्ष ओलांडतो तेव्हा लाखो साध्या मतदारांना धीर येतो. "तुमच्या ओळखीत किती लोकांवर परिणाम झाला असेल, अंदाजे?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही. मी पिशव्या तपासते," डॉक्टर म्हणाली. ती प्रत्येकाकडे नीट बघत होती, प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत होती. आपल्याकडे पाहुण्याने जसं वागावं तशी वागत होती.

श्रीखंडाच्या वाट्या भरायला मी आत गेले तर ती मागोमाग आली.

"या लोकांना कल्पना आहे का," ती हळूच म्हणाली, "की माझं पाकीट केव्हाच पोचलंय?"

"नाही."

"मी सांगू?"

"श्रीखंड होऊ दे, मग बघू."

तिला हसू आलं. मलाही. बाहेर सहा माणसं घाम गाळून एका मताचा पाठलाग करत होती आणि ते मत दोन आठवड्यांपूर्वीच समुद्रापार गेलं होतं. मला मजा येत होती हे मी कबूल करते. त्या मजेपायी मी गप्प बसले आणि पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून झालं.

"आणि तो म्हातारा," वाट्या उचलता उचलता डॉक्टर म्हणाली, "मी कॉलेजात होते तेव्हापासून टीव्हीवर सांगतोय की बॉम्ब कुठे टाकायला हवेत. त्याच्या शब्दावर मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेणार नाही."

आम्ही बाहेर आलो. अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून तयारच होते. "सो डॉक्टर, त्या पाठिंब्यानंतर तुम्हाला पुन्हा विचार करावासा वाटला असेल ना?"

तिने नुकताच पहिला चमचा तोंडात घातला होता. "इंटरेस्टिंग," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "हे आमचं लबनेच, टांगलेलं दहीच आहे ना, साखर घातलेलं? यात वेलची आहे का?"

निघताना अध्यक्षांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "वहिनी, एक आठवण म्हणून." मी फोटो काढला. सोफ्यावर मध्ये डॉक्टर, दोन्ही बाजूंना तीन तीन पुरुष, सगळे पोट भरल्यामुळे प्रसन्न. डॉक्टर हसत होती, कारण मी "से लबने" म्हणाले होते.

संध्याकाळी तो फोटो गटावर आला आणि अध्यक्षांच्या फेसबुकवरही. खाली इंग्रजीत मजकूर होता: युद्धाने होरपळलेल्या लेबनानी-अमेरिकन डॉक्टर आमच्या व्यासपीठावर. त्या ज्येष्ठ नेत्याच्या पाठिंब्यानंतर त्यांचंही मन बदललं असून आता त्या सत्ताधारी उमेदवारालाच मत देणार.

आमचा सोफा व्यासपीठ झाला होता. नवऱ्याने खाली टाळ्यांचे तीन हात टाकले होते. मी ते वाचलं, चीड आली, आणि मनात म्हटलं, कोण वाचतंय ह्यांचं. भांडी घासायला घेतली.

वाचणारे होते. आमच्या चाळीस जणांपैकी कुणाचा तरी भाचा, त्याचा लेबनानी मित्र, त्याचे नातेवाईक. बुधवारी सकाळी डॉक्टरने मला प्रयोगशाळेत बोलावून दार लावून घेतलं. तिच्या भावाचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला होता. तिने तो मला ऐकवला. अरबी मला फारसं कळत नाही, पण आवाज कळला. मग तिने एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. बहिणीच्या घरावर जे पडलं त्याला तू मत देणार. तेही त्या माणसाच्या सांगण्यावरून. आणि परक्यांच्या मध्ये बसून दात काढतेस. यापुढे मला फोन करू नकोस.

तिच्या भावाच्या मते, सत्ताधारी पक्षाला मत म्हणजे त्या बॉम्बला मत. त्याच्या शहरात तेव्हा बरेच जण तसं म्हणत होते.

"आणि बहीण?" मी विचारलं.

तिने फोन पुढे केला. बहिणीने तो फोटो पाठवला होता आणि खाली दोनच शब्द लिहिले होते. खरं आहे?

डॉक्टर स्टुलावर बसली. सात वर्षांत मी तिला कामाच्या वेळेत असं मटकन बसलेलं पाहिलं नव्हतं. "मी तिथे काय म्हणाले होते?"

"इंटरेस्टिंग."

"श्रीखंडाला."

"हो."

फोटो मी काढला होता. जेवायला मी बोलावलं होतं. पाकीट गेलंय हे सांगायचा क्षण मी माझ्या करमणुकीसाठी घालवला होता.

घरी पोचले तेव्हा नवरा टीव्हीसमोर होता. मी टीव्ही बंद केला. "अहो, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढायला सांगा."

"का? तिने नाकारलं कुठे? इंटरेस्टिंग म्हणाली की."

"तिने मत आधीच दिलं होतं. तुमच्या त्या म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या दहा दिवस आधी. साक्षीदार मी आहे. माझी सही आहे त्या पाकिटावर, तारखेसकट."

त्याने उचललेला रिमोट परत खाली ठेवला. मला वाटलं, उतरलं डोक्यात. मग तो म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? अध्यक्षांपुढे माझी काय शोभा झाली!"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. एका बाईचं भावाशी नातं तुटलं होतं, तिची बहीण शाळेतल्या फळ्याखाली बसून खरं आहे का विचारत होती, आणि ह्या माणसाला शोभा पडली होती मसालेवाल्यापुढची.

तेवढ्यात मुलगी खोलीतून बाहेर आली. "बाबा, यू कॅन गो टू जेल फॉर दॅट हिअर."

ते मात्र लगेच उतरलं. परवानगीशिवाय कोणाचा फोटो पसरवला, वर खोटं लिहिलं, तर इथे पोलिस केस होते. दंड, तुरुंग, आणि आमच्यासारख्यांना त्याहून जास्त भीती कशाची, तर विमानात बसवून परत पाठवण्याची. नवऱ्याने फोन उचलला. चार मिनिटांत फोटो गटावरूनही गेला आणि फेसबुकवरूनही. जगातलं प्रत्येक युद्ध कसं थांबवायचं हे ज्यांना पाठ होतं, त्या चाळीस जणांचा गट त्या संध्याकाळी इतका शांत होता की नवरा सारखा फोन उघडून नेट चालू आहे ना ते बघत होता. सकाळपर्यंत पाच जण गट सोडून गेले. टाळ्यांचे हात पाठवणारे सगळ्यांत आधी गेले.

अध्यक्षांचा मला थेट फोन आला. "वहिनी, तुम्ही घरच्या. जरा मॅनेज करा. तीस वर्षांचा धंदा आहे माझा इथे. मी पाहिजे तर बाईंना मसाल्यांचं हॅम्पर पाठवतो."

"हॅम्पर नको. शनिवारी सकाळी आम्ही दोघी तुमच्याकडे येतो," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

पोलिसांकडे जायचं की नाही हे मी डॉक्टरवर सोडलं होतं. ती म्हणाली, "मला त्याला हाकलायचं नाहीये. मला माझा शब्द परत हवाय."

अल क्वोजमधल्या त्या गोदामात शिरलो तेव्हा मिरचीच्या धुळीने दोघी शिंकायला लागलो. अध्यक्षांचं केबिन वर होतं, काचेचं. नवरा आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता. चहा आला, काजू आले. अध्यक्षांनी लेटरहेडवर टाइप केलेलं पानभर पत्र पुढे केलं. त्यात जागतिक बंधुभाव होता, दोन्ही प्राचीन संस्कृतींचे संबंध होते, उत्साहाच्या भरात झालेला गैरसमज होता. डॉक्टरने ते लॅब रिपोर्ट वाचावा तसं वाचलं. पेन काढून एकेका ओळीवर काट मारत गेली. शेवटी पानावर तिने स्वतः लिहिलेली एक ओळ उरली.

"हे फोनसमोर बोला," ती म्हणाली.

ती ओळ साधी होती. या बाईंनी त्यांच्या मताबद्दल मला काहीही सांगितलं नाही, जे लिहिलं ते मी मनाने रचलं.

अध्यक्ष उभे राहिले, कॉलर नीट केली. "या बाईंनी त्यांच्या मताबद्दल मला काहीही सांगितलं नाही. एका मिसअंडरस्टँडिंगमुळे..."

"मिसअंडरस्टँडिंग नव्हतं," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी त्यांनी "सद्भावनेने" घातलं. तिसऱ्या वेळी "कदाचित". चौथ्या वेळी त्यांनी वाक्य बरोबर म्हटलं आणि शेवटी हसले. तिने तेही पुसलं. पाचव्या वेळी त्यांचा चेहरा एखाद्या साध्या दुकानदाराचा झाला, ज्याचं खोटं वजन पकडलं गेलंय. तेव्हा कुठे तिने फोन खाली घेतला. यात तिचा आवाज एकदाही चढला नव्हता. मधेच नवरा म्हणाला, "जाऊ द्या ना आता, सॉरी म्हणालेत ते," तेव्हा तिने त्याच्याकडे मान वळवून नुसतं पाहिलं. त्याने काजू उचलला.

मग तिने फोन माझ्याकडे वळवला. मी कोण, कुठे काम करते, पाकिटावर कोणत्या तारखेला सही केली, आणि मत कोणाला दिलं हे मला माहीत नाही, हे सांगितलं. एवढंच ठरलं होतं. पण मी पुढेही बोलले, "फोटो मीच काढला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." तिने ते पुसलं नाही.

बहिणीचं उत्तर आम्ही गाडीत बसेपर्यंत आलं. मला माहीत होतं, आणि पुढे एक लाल बदाम. भावाचं दोन दिवसांनी आलं. डबा खाताना तिने मला वाचून दाखवलं. ठीक आहे. मग कोणाला दिलंस?

तिने फोन पालथा ठेवला.

"सांगून टाक ना," मी म्हटलं. "मिटेल तरी."

"सांगितलं की तो मला माफ करेल किंवा करणार नाही. मला दोन्ही नकोय." तिने माझ्या डब्यातली चटणी ओढली. "लहान असताना हाच भाऊ मला सायकल शिकवायचा. मी पडले की विचारायचा, लागलं का. आता विचारतो, कोणाला दिलंस."

भाऊ त्यानंतर बोलला नाही. त्याच सुमारास त्याच्या शहरातल्या काही वजनदार माणसांनी, युद्धामुळे संतापून, ज्याला पाठिंबा देणं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं अशा विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला. मी डॉक्टरला विचारलं, भाऊ त्यांच्यामुळे असा झाला का. ती म्हणाली, "छे. त्याने उन्हाळ्यातच ठरवलं होतं. त्या लोकांनी त्याला फक्त बोलायला वाक्य दिलं. आधी तो नुसता ओरडायचा."

आमच्या गटात मात्र त्या बातमीने पुन्हा जीव आला. नवरा पहिले दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "खेळ फिरला." तेच दोन शब्द, उलट्या दिशेने. मुलीने हेडफोन लावले.

निकालाच्या दिवशी, बुधवार होता, त्याने अर्धी रजा टाकली. अमेरिकेत रात्र असते तेव्हा इथे सकाळ असते, म्हणून हे लोक अल क्वोजला केबिनमध्ये पोहे खात टीव्ही बघायला जमले. म्हाताऱ्या नेत्याने ज्याला पाठिंबा दिला तो पक्ष हरला. दुपारी नवरा घरी आला तो सांगतच आला. कोणी म्हणालं पाठिंबा उशिरा आला, कोणी म्हणालं त्या पाठिंब्यानेच घात केला, अध्यक्ष म्हणाले मी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी जे सांगितलं होतं ते त्यांच्याच आवाजात नवऱ्याच्या फोनवर होतं. कोणी लावून दाखवलं नाही.

"तुम्ही सहा जण," मी विचारलं, "सहापैकी एकाचं तरी मत कोणाच्या पाठिंब्याने बदललं का?"

"माझं तर आधीपासूनच ठरलेलं होतं," नवरा म्हणाला. कशाबद्दल ठरलं होतं, हे मी विचारलं नाही.

मला राजकारणातलं कळत नाही असं हे लोक म्हणतात. असेल. पण त्या दोन महिन्यांत, माझ्या डोळ्यांदेखत, पाठिंब्याच्या बातमीमुळे खरोखर हललेला एकच माणूस मी पाहिला. एका भावाने बहिणीशी बोलणं टाकलं. आणि तो पाठिंबा तर तिने दिलाच नव्हता. मोठ्या माणसांचे खरे पाठिंबे चहाच्या कपात विरून गेले आणि आमच्या सोफ्यावर बनवलेला खोटा तेवढा समुद्र ओलांडून जाऊन लागला. डॉक्टरने कोणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्या हिवाळ्यात तिला न विचारणारी, बहीण सोडून, मी एकटीच होते बहुतेक.

युद्धविराम झाला. बहीण मुलांसह व्हिजिट व्हिसावर दुबईला आली आणि दोन महिने डॉक्टरकडे राहिली. भाऊ आता रोज बहिणीला फोन करतो. डॉक्टरशी बोलत नाही, पण बहिणीमार्फत विचारतो, तिचं ब्लडप्रेशर कसंय, ती मीठ कमी खाते का. डॉक्टरही बहिणीमार्फत सांगते, त्याला सांग, स्वतःचं बघ.

एका संध्याकाळी डॉक्टर बहिणीला कारखाना दाखवायला घेऊन आली. सुटायच्या वेळी आम्ही तिघी फाटकाशी उभ्या होतो आणि नवरा मला न्यायला आला होता. त्याने गाडीतून उतरून दोघींना नमस्कार केला. बहीण बारीक चणीची, शिक्षिकेसारखी ताठ. तिने आपल्या जपून बोलायच्या इंग्रजीत त्याची चौकशी केली. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला आवरलं नाही.

"सो, व्हॉट इज द ग्राउंड सिच्युएशन?"

बहिणीने क्षणभर विचार केला. "चिखल आहे," ती म्हणाली. "यंदा पाऊस चांगला झाला. आणि छप्पर नाही."

नवऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

"अहो," मी म्हटलं, "बसा गाडीत."

तो बसला. मी दोघींचा निरोप घेतला, बहिणीच्या मुलांसाठी आणलेला चिवडा तिच्या हातात दिला आणि जाऊन त्याच्या शेजारी बसले. पहिल्या गोल चौकातल्या सिग्नलपर्यंत तो आरशात मागे बघत राहिला. मग म्हणाला, "मी नुसतं विचारलं."

मी खिडकी खाली केली. बाहेर शिफ्ट सुटली होती, निळ्या कपड्यातली माणसं बसच्या रांगेत उभी होती. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी पुढे घेतली नाही, तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मागच्याने हॉर्न दिला.